भागीदारीला प्रोत्साहन देणारे सरकारी कक्ष नेमके कोणाच्या बाजूने बसतात?

रामबागकर, इंदूर

नमस्कार. इंदूरच्या रामबाग भागात आम्ही काही निवृत्त मंडळी महिन्यातून एकदा एखाद्या सार्वजनिक विषयावर बोलण्यासाठी जमतो. मागच्या बैठकीत देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस बनवणाऱ्या प्रकल्पाचा, विषय निघाला आणि तो शहरातल्या बससेवेवरून टोलच्या रस्त्यांपर्यंत गेला. बोलता बोलता एका सदस्यांनी असा मुद्दा मांडला की, सरकार खासगी कंपनीबरोबर भागीदारीत कामे करते हे सगळ्यांना माहीत असते. पण अशा भागीदारीचा पुरस्कार करण्यासाठी सरकारनेच दिल्लीत आणि राज्याराज्यांत वेगळे कक्ष, मंडळे आणि निधी उभे केले आहेत, याची फारशी कोणाला कल्पना नसते. त्यावर दुसऱ्या सदस्यांनी हे कक्ष म्हणजे सरकारी मालमत्तेचे दलाल आहेत असे सांगून टाकले. तिसरे गृहस्थ जन्मभर बँकेत कर्जविभागात होते. त्यांचे म्हणणे असे की, असा कक्ष नसेल तर कंपनीचा वकील जे लिहून आणेल त्यावर नगर निगमाचा अधिकारी मुकाट्याने सही करील. चहा गार झाला, वाद मिटला नाही आणि पुढच्या बैठकीत या विषयावर टिपण वाचण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

मी स्वतः शाळेत गणित शिकवत होतो, त्यामुळे आकडे मला घाबरवत नाहीत; शासकीय रचना मात्र घाबरवते. म्हणून जाणकारांना माझी विनंती आहे. पहिली गोष्ट, या कक्षांचे प्रत्यक्ष काम काय असते आणि करारावर सही करणाऱ्या खात्यापेक्षा ते वेगळे कसे असतात? दुसरी आणि माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट अशी की, ज्या कार्यालयाला भागीदारी वाढवण्यासाठीच नेमले आहे, ते कार्यालय एखाद्या प्रस्तावाला ‘हे भागीदारीतून करू नका’ असे सांगू शकते का? आपल्या शहरातल्या उदाहरणांवरून कोणी समजावून दिले, तर आमच्या मंडळींना ते अधिक पटेल.

जमाखर्च

मी राज्य शासनाच्या वित्त विभागात बरीच वर्षे काढली आणि आता सुदामा नगरात राहतो. जरा सविस्तर लिहितो.

केंद्रात हे काम अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक कार्य विभागाकडे आहे. तेथे 2006 मध्ये सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला आणि त्याच वर्षी केंद्राच्या मोठ्या प्रकल्पांची छाननी करणारी मूल्यमापन समितीही नेमली गेली. मध्य प्रदेशात ही जबाबदारी वित्त विभागाच्या संस्थागत वित्त संचालनालयाकडे आली. रस्त्यांच्या बाबतीत 2004 मध्ये स्थापन झालेले राज्य रस्ते विकास महामंडळ स्वतःच निविदा काढते आणि करारही करते. म्हणजे तेथे पुरस्कर्ता आणि पक्षकार एकच असतो.

कक्षाच्या कामाचा पहिला भाग म्हणजे तयारी. भागीदारीचा करार वीस-तीस वर्षांचा असतो. तो लिहिण्यासाठी वित्त, कायदा आणि अभियांत्रिकी या तिन्ही बाजूंचे सल्लागार लागतात आणि त्यांचे शुल्क एखाद्या मध्यम शहराच्या नगर निगमाला झेपत नाही. तेवढ्यासाठी केंद्राने 2007-08 मध्ये 100 कोटी रुपयांचा प्रकल्प-विकास निधी सुरू केला. 2022 मध्ये त्याची योजना नव्याने आली आणि आता एका प्रकल्पाच्या सल्लागारांवरील खर्चासाठी 5 कोटी रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्या बँकवाल्या सदस्यांचा मुद्दा येथे बरोबर ठरतो: टेबलापलीकडे कंपनीचे चार तज्ज्ञ बसलेले असताना अलीकडे केवळ एक कार्यकारी अभियंता बसला असेल, तर तो करार कोणाच्या सोयीने लिहिला जाईल हे सांगायला नको.

दुसरा भाग पैशाचा. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, म्हणून उदाहरणच देतो. समजा, सांडपाणी शुद्धीकरणाचा 100 कोटींचा प्रकल्प आहे आणि नागरिकांकडून व उद्योगांकडून येणाऱ्या शुल्काच्या बळावर 55 कोटींचीच गुंतवणूक परवडते. उरलेले 45 कोटी ही व्यवहार्यतेतली तूट. ही तूट सरकारने भरून काढावी, अशी योजना केंद्राने दोन दशकांपूर्वी आणली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देई आणि आणखी तितकीच रक्कम राज्य किंवा प्रकल्प काढणारी संस्था देऊ शके. नोव्हेंबर 2020 मध्ये ती सुधारली गेली आणि पाणी, सांडपाणी, कचरा, आरोग्य व शिक्षण या क्षेत्रांसाठी ही मर्यादा केंद्राची 30 आणि राज्याची 30 टक्के अशी झाली. मात्र 45 कोटी आहेत तसे कोणाच्या हातात ठेवले जात नाहीत. जो निविदाकार सर्वांत कमी अनुदान मागेल त्याला काम मिळते, म्हणजे बोली अनुदानावरच लागते. आरोग्य आणि शिक्षणातल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी तर भांडवली खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत आणि पहिली पाच वर्षे चालवण्याच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत मदत मिळण्याची सोय आहे. इतके पैसे सरकारचेच असतील तर मग ‘खासगी’ काय उरले, असा प्रश्न तुमच्या बैठकीत नक्की येईल आणि तो रास्त आहे. बांधकाम लांबले किंवा खर्च वाढला तर तोटा कोणाचा, या एका प्रश्नात त्याचे उत्तर असते.

तिसरा भाग छाननीचा. सरकारने हेच काम स्वतः केले तर पूर्ण आयुष्यात किती खर्च येईल आणि भागीदारीत किती येईल, ही तुलना कक्षाने करायची असते. कागदावर ती होते. पण त्या तुलनेतला ‘जोखीम कंपनीकडे गेल्यामुळे झालेला फायदा’ हा आकडा अंदाजाचा असतो आणि अंदाज बांधणाऱ्याचा कल त्यात उतरतो. म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे: ‘करू नका’ असे सांगण्याचा अधिकार कक्षाला आहे, पण तसे सांगितल्याबद्दल शाबासकी कोणी देत नाही. वर्षाच्या शेवटी किती प्रकल्प मार्गी लागले हे विचारले जाते. किती थांबवले हे कोणी विचारत नाही.

हे माझे एकट्याचे मत नाही. माजी वित्त सचिव विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर 2015 मध्ये अहवाल दिला, तो मराठी वाचकांनी तरी जरूर पाहावा. सरकारने आपली जबाबदारी टाळण्याचे साधन म्हणून भागीदारीकडे पाहू नये, अगदी लहान प्रकल्पांना ही रचना लावू नये, आणि कंपनीने आपणहून आणलेल्या प्रस्तावांना उत्तेजन देऊ नये, असे त्या समितीने स्पष्ट म्हटले होते. ज्ञान आणि क्षमता वाढवण्यासाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काढावी, अशीही शिफारस होती. 2014-15 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 500 कोटींची घोषणाही झाली होती. ती संस्था कागदावरच राहिली.

कान्हकाठ

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण देवगुराडियाचे श्रेय कोणी दिल्ली-भोपाळच्या कक्षांना देणार असेल, तर माझी हरकत आहे. 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत तयार करण्याची आहे. त्यातली 150 कोटींची भांडवली गुंतवणूक खासगी भागीदाराची होती आणि वर नगर निगमालाच दर वर्षी सुमारे अडीच कोटी रुपये मिळतील असा करार झाला. ऐकायला हे जादूसारखे वाटते, पण जादू करारात नाही. असे प्रकल्प बंद पडतात ते बहुधा ओल्या कचऱ्यात प्लास्टिक, काच आणि माती येते म्हणून. इंदुरात घराघरांतल्या बायकांनी ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय लावून घेतली आणि पहाटे फिरणाऱ्या गाड्यांवरच्या सफाई कामगारांनी ती मोडू दिली नाही. म्हणून स्वच्छ कचरा पुरवण्याची हमी नगर निगमाला देता आली.

जोखमीची वाटणी हा मोठा शब्द इथे साधा होतो. कचरा नीट येईल ही जोखीम शहराने घेतली, यंत्र चालेल ही कंपनीने घेतली, आणि गॅस विकला जाईल ही दोघांनी वाटून घेतली. कारण तयार होणाऱ्या गॅसपैकी किमान निम्मा गॅस शहरातल्या बसगाड्यांसाठी नगर निगमाने विकत घ्यायचा असे ठरले होते. ज्या शहरात पहिली अट पुरी होत नाही, तेथे हाच करार उचलून नेला तर काय होईल याचा विचार ‘इंदूर मॉडेल’ पाहायला येणारी शिष्टमंडळे करतात का, याची मला शंका आहे. आणि भागीदारी हा एकमेव मार्गही नव्हे. जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी याच नगर निगमाने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढून सामान्य गुंतवणूकदारांकडून 244 कोटी रुपये उभे केले.

जमाखर्च

मान्य आहे. बससेवेचेही तसेच म्हणता येईल. डिसेंबर 2005 मध्ये नगर निगम आणि इंदूर विकास प्राधिकरण यांनी मिळून सिटी बससाठी कंपनी काढली, तेव्हा बसगाड्या खासगी चालकांनी आणल्या आणि मार्ग, वेळा व भाडे कंपनीने आपल्या हातात ठेवले. एवढे मोजके अधिकार हातात ठेवणारी, आकाराने अगदी लहान सरकारी कंपनी देशभर अभ्यासाचा विषय झाली ती त्यामुळे. आयबसचा, म्हणजे फक्त बसगाड्यांसाठी राखलेला, मार्ग पुढे 2013 मध्ये आला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो काढून टाकण्याला उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली, हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. पण धोरण बदलण्याची जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न त्यातून प्रत्येक पुढच्या करारासाठी उभा राहतो.

दांडिया बाजार

मी मूळची वडोदऱ्याची आणि लग्नानंतर इंदूरला आले. गुजरातने या बाबतीत वेगळा रस्ता धरला, म्हणून थोडी भर घालते. तेथे 1995 मध्ये पायाभूत सुविधा विकास मंडळ स्थापन झाले आणि 1999 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीला राज्याच्या कायद्याची चौकट देण्यात गुजरात फार पुढे होते. कायद्यामुळे एक चांगली गोष्ट होते: कोणत्या क्षेत्रात भागीदारी चालेल, निविदा कशी निघेल आणि सरकार कोणकोणत्या स्वरूपात मदत देऊ शकेल हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. मात्र मंडळाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. त्यामुळे निर्णय झटपट होतात हे खरे. पण ज्या प्रस्तावात खुद्द मुख्यमंत्र्यांना रस आहे, त्यावर मंडळातला अधिकारी लेखी शंका नोंदवील का, हा रामबागकरांचा प्रश्न तेथे अधिकच टोकदार होतो.

माझ्या माहेरच्या दोन गोष्टी सांगते. वडोदरा-हालोल हा सुमारे 32 किलोमीटरचा टोल रस्ता 2000 मध्ये सुरू झाला. देशात अशा प्रकारच्या सुरुवातीच्या रस्त्यांपैकी तो एक. रस्ता उत्तम होता. आम्ही पावागडला जाताना वडील हटकून त्याचे कौतुक करत. पण तो चालवणाऱ्या कंपनीत राज्य सरकार स्वतःच भागीदार होते आणि सोबत आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था होती. अंदाज केला होता तेवढी वाहने त्यावर आली नाहीत आणि कर्जाची फेररचना करावी लागली. वाहतुकीचा अंदाज चुकणे हे या व्यवसायातले जुनेच दुखणे आहे; ज्याला प्रकल्प व्हायलाच हवा आहे, त्याने नेमलेल्या सल्लागाराचा अंदाज बहुधा वरच्या बाजूला चुकतो. त्या वित्तसंस्थेची कर्जफेड पुढे 2018 मध्ये थकली आणि केंद्राला तिचे संचालक मंडळ बदलावे लागले, हे सर्वांनी वाचले आहे.

दुसरी गोष्ट मध्यवर्ती बसस्थानकाची. जुन्या स्थानकाच्या जागी 2014 मध्ये भागीदारीतून नवे स्थानक उभे राहिले आणि त्याच इमारतीत दुकाने व चित्रपटगृहे आली. प्रवाशाकडून जादा पैसे न घेता दुकानांच्या उत्पन्नातून स्थानक बांधून घ्यायचे, अशी त्यामागची कल्पना होती. गावाकडून गाठोडे घेऊन आलेल्या बाईला स्वच्छ प्रसाधनगृह आणि बसायला बाक मिळाला, ही साधी गोष्ट नाही. तरी मला नेहमी असे वाटते की, अशा ठिकाणी चकचकीत भाग दुकानांकडे जातो आणि फलाटाकडे जाणारी वाट मात्र शोधावी लागते. करारात फलाटाचे क्षेत्रफळ लिहिलेले असते. वाट सोपी असावी हे कोणी लिहीत नाही.

निवृत्त अभियंता

आतापर्यंतची सगळी चर्चा सही होईपर्यंतची झाली. माझा अनुभव सहीनंतरचा आहे. गावाचे आणि कंपनीचे नाव घेत नाही.

एका मध्यम गावात पाणीपुरवठ्याचा भागीदारी करार झाला होता आणि देखरेखीसाठी माझी नेमणूक झाली. रुजू झाल्यावर मी मूळ करार मागितला, तेव्हा तो कपाटात बंद होता आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या लिपिकाकडे राहिली होती. किल्ली आल्यावर करार वाचला. मुख्य भाग अतिशय देखणा होता. तो वरच्या नमुना करारावरून घेतलेला दिसत होता. परंतु सेवेच्या दर्जाचे परिशिष्ट उघडले, तर दाब किती, पुरवठा किती तास आणि गळती किती टक्क्यांवर आणायची या तिन्ही रकान्यांत ‘उभय पक्षांच्या संमतीने नंतर निश्चित केले जाईल’ एवढेच लिहिले होते. नंतर म्हणजे केव्हा, हेही लिहिले नव्हते. दंडाचे कलम त्याच परिशिष्टावर अवलंबून असल्यामुळे पुढच्या काळात एक रुपयाही दंड लावता आला नाही. नळाला पाणी कधी येत होते, कधी नव्हते. करारानुसार मात्र एकदाही कसूर झाली नाही.

या प्रकल्पाला मंजुरी देताना सगळे हजर होते: कक्षाचे अधिकारी, सल्लागार, बँकेचे प्रतिनिधी. आमच्याकडे लग्न जमवणारे असतात, तसेच हे. मंगलाष्टका झाल्या, जेवणे झाली आणि ते पुढच्या स्थळाकडे गेले. त्या कक्षांकडे निविदा काढण्याचे शिक्षण देणारे पुष्कळ आहेत. पण पंधराव्या वर्षी करार कसा राबवायचा हे शिकवणारा मला एकही भेटला नाही. जमाखर्च यांनी तीन कामे सांगितली, त्यात चौथे का नाही, हा माझा त्यांना प्रश्न आहे. ब्रिटनने 1992 पासून खासगी भांडवलाची अशीच योजना मोठ्या उत्साहाने चालवली आणि 2018 मध्ये नवे करार करणेच बंद केले. तरी जुने शेकडो करार त्यांना अजून सांभाळावे लागत आहेत. आपलेही तसेच होईल.

जमाखर्च

आपल्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. देखरेखीची मार्गदर्शक सूत्रे केंद्राने काढलेली आहेत, परंतु त्यांच्यासाठी मनुष्यबळाची तरतूद प्रत्येक संस्थेने स्वतः करायची असते, आणि ती बहुधा आपल्यासारख्या एका माणसावर येऊन थांबते. आमच्या विभागात फाइल ‘मंजूर’ झाली की ती आमच्या यादीतून जात असे. आज विचार करताना ते चुकीचे होते असे वाटते.

अर्जदार

रामबागकर, टिपण लिहिताना एक उपयोगाची गोष्ट लक्षात घ्यावी. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात खासगी कंपनीकडे असलेली, पण सरकारी संस्थेला कायद्याने मागता येणारी माहितीही ‘माहिती’च धरली आहे. म्हणजे भागीदार कंपनी ‘आम्ही खासगी आहोत’ असे म्हणाली, तरी तिचे मासिक अहवाल नगर निगमाकडे मागता येतात. व्यापारी गुपिताचे कारण देऊन कलम 8 खाली नकार येऊ शकतो. त्याच कलमात व्यापक लोकहितासाठी माहिती देता येईल अशीही सोय आहे, ती अपिलात जरूर मांडावी. करार, परिशिष्टे, स्वतंत्र अभियंत्याचे अहवाल आणि आजवर लावलेला दंड, असे चार कागद वेगवेगळ्या मुद्द्यांत मागावेत. ‘प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज केला, तर उत्तरही तितकेच मोघम येते.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. मी विचारायला आलो होतो कक्षांबद्दल आणि परत चाललो आहे एका रिकाम्या परिशिष्टाचा विचार करत. टिपणाची मांडणी आता बदलतो: दलाल की रखवालदार हा आमच्या बैठकीतला वाद थोडक्यात आटोपून, सहीनंतर कराराला वाली कोण, यावर अधिक वेळ देतो. अर्जदार यांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या गटातर्फे एक अर्जही करावा असे मनात आहे. करार काही शे पानांचा निघाला तर प्रतींचा खर्च कोणी उचलायचा, यावरच आमची पुढची बैठक खर्ची पडेल, एवढीच भीती आहे.

अर्जदार

प्रती आधी मागूच नका. कागदपत्रे प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही कायद्यात आहे. अर्जात तशी मागणी लिहा, आपल्या बँकवाल्या सदस्यांना आणि शक्य झाल्यास निवृत्त अभियंता यांच्यासारख्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन जा, आणि सरळ परिशिष्टांपासून वाचायला सुरुवात करा.